लिओनार्ड ऑयलर आणि एक दहा अंकी संख्या

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. मुलानेही धर्मोपदेशक व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली या गणितज्ञाने मुलाची बुद्धी हेरून वडिलांचे मन वळविले. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत रुजू झाले.

तेथे असताना १७२९ मध्ये त्यांचे मित्र गोल्डबाख यांनी पत्रातून एक जुना प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन त्यात १ मिळविला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळसंख्या आहेत. याच रीतीने पुढे येणारी प्रत्येक संख्या मूळसंख्याच असेल, अशी फ्रान्सचे थोर गणितज्ञ फर्मा यांची धारणा होती. सिद्धता मात्र त्यांनी दिलेली नव्हती. पुढची संख्या, म्हणजे २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी, ४,२९,४९,६७,२९७. तिचा अवयव शोधायचा तर हजारो भागाकार करावे लागणार, आणि फर्मांचे नाव एवढे मोठे की तो खटाटोप कोण करणार?

ऑयलर यांनी तो केला, पण आंधळेपणाने नव्हे. या संख्येला मूळ अवयव असलाच तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. हे तत्त्व त्यांनी पुढे सिद्धही केले. या चाळणीतून प्रथम १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच मूळसंख्या उरतात. पहिल्या चारांनी भाग जात नाही. ६४१ ने जातो, आणि भागाकार येतो ६७,००,४१७. १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी हे जाहीर केले. कालाम सुत्त शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हा गुणाकार स्वतः करून पाहण्याचा मोह व्हावा. ६५,५३७ नंतर या मालिकेत आजवर एकही मूळसंख्या सापडलेली नाही.

१७३८ च्या सुमारास त्यांचा उजवा डोळा गेला. मधली पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून ते १७६६ मध्ये पीटर्सबर्गला परतले, तो दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ ची शस्त्रक्रिया अखेर निष्फळ ठरली. त्याच वर्षी राहते घर आगीत जळाले. लेखन थांबले नाही. बीजगणितावरील आपला ग्रंथ त्यांनी बर्लिनहून आणलेल्या एका तरुण सेवकाकडून लिहून घेतला. तो शिंपीकाम शिकलेला होता, गणित त्याला ठाऊक नव्हते. लिहिता लिहिता तो अवघड उदाहरणेही स्वतः सोडवू लागला. आम्हांला तर ऑयलर यांच्या साऱ्या सूत्रांपेक्षा हाच प्रसंग अधिक भावतो.

१७७२ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी २,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या असल्याचे दाखविले. पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तिच्याहून मोठी मूळसंख्या कोणाला ठाऊक नव्हती. १८ सप्टेंबर १७८३ रोजी पीटर्सबर्ग येथेच त्यांचे निधन झाले.