खाँसाहेबांची जवारी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील संगीतवर्गांच्या, शाळांच्या आणि मंडळांच्या खोल्यांतून गवसणी चढविलेला तंबोरा अनेकदा कोपऱ्यात उभा दिसतो. तो घेताना वर्गणी जमते, सत्कार होतात, फुले वाहिली जातात. पुढे त्याची घोडी झिजते, जवारी बसते, आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावा हे कोणालाच ठरविता येत नाही. अखेर इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचे बटण दाबून काम भागविले जाते. खरेदीस तत्पर आणि देखभालीस उदासीन, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुनाच दोष आहे. ज्याचे अवघे आयुष्य या दोषाला उत्तर ठरावे, असा एक थोर गवई महाराष्ट्राने पाहिला आहे. त्याचे नाव अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ मध्ये उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. वडील काले खाँ यांच्याकडून त्यांना गाण्याचा वारसा मिळाला. तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांच्यासह बडोदे संस्थानात आले. तेथे सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाईंशी त्यांचे सूर जुळले, आणि त्या विवाहापायी बडोदे सोडावे लागले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे ही त्यांची मुले पुढे महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली. संसार मात्र टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्याने आयुष्यभर सुरांचा मेळ साधला, त्याला घरचा मेळ राखता आला नाही, ही खंत त्यांच्या चरित्रात कायमची राहिली.

खाँसाहेबांच्या गाण्याचे मर्म स्वराच्या शुद्धतेत होते, आणि त्या शुद्धतेचा पाया तंबोऱ्यात होता. वाद्ये दुरुस्त करण्यात ते स्वतः वाकबगार होते. गवयाने कानस हाती घ्यावी, हे त्या काळच्या प्रतिष्ठेच्या कल्पनांत बसणारे नव्हते. त्यांना त्यात उणेपणा वाटला नाही.

हे काम किती नाजूक असते हे समजून घेण्यासारखे आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म गोलाई दिलेली असते. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच टेकते व सुटते, आणि त्यातून स्वराभोवती उपस्वरांचे वलय उमटते. तारेखाली सरकविलेला दोरा केसभर पुढेमागे झाला, तरी नाद खुलतो किंवा मिटतो. या घोडीचे वेगळेपण सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये शास्त्रीय निबंधातून मांडले. परंतु घोडीचे पाय तबकडीवर पक्के बसलेले नसतील, किंवा तारांच्या घर्षणाने माथ्यावर चरे पडले असतील, तर कितीही खुंट्या पिळल्या आणि मणी सरकविले तरी उपयोग होत नाही. त्यात घाटावरची कोरडी हवा सोडून वाद्य कल्याण-ठाण्याच्या दमट हवेत उतरले, की लाकूड व भोपळा दोन्ही आपला स्वभाव दाखवू लागतात.

ही अडचण केवळ आपलीच नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्याने १९५४ मध्ये स्प्रिंगांच्या ताणावर डोलणारी घोडी असलेली विजेची गिटार बाजारात आणली. दांडी दाबताच स्वर थरथरे; पण घोडी मूळ जागी नेमकी परतली नाही, की सगळ्या तारा बेसूर होत. तेव्हापासून वादक जादा स्प्रिंगा लावून, प्रसंगी मागे लाकडाची पाचर ठोकून ती घोडी ताठ व स्थिर करीत आले आहेत. वाद्य कोणतेही असो, ज्यावर सारे तोलायचे तो आधार पक्का नसेल, तर वरची करामत व्यर्थ ठरते.

खाँसाहेबांनी हा आधार केवळ वाद्यात शोधला नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनास त्यांनी आपला गळा उपलब्ध करून दिला. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत या श्रुतींवरून वाद झडला. सर्वांनी ती मोजणी मान्य केली नाही. तथापि स्वतःचा स्वर मापनासाठी पुढे ठेवण्याचे धैर्य त्या काळी किती उस्तादांपाशी होते? १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. ते फार काळ टिकले नाही. पण सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांनी घडविला, आणि त्या शिष्याकडून ही परंपरा भीमसेन जोशींपर्यंत आली.

उत्तरायुष्यात ते मिरजेस स्थायिक झाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे सतारी आणि तंबोरे घडविण्याचा व्यवसाय उभा केला होता. चोखंदळ गवई आणि कसबी कारागीर एका गावात नांदले, यातच मिरजेच्या लौकिकाचे रहस्य आहे. मागणी जाणती असेल तरच माल उत्तम राहतो, हा अर्थशास्त्राचा साधा नियम येथे प्रत्यक्षात उतरला.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीस जात असता खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथे तंबोरा जुळवून, दरबारीच्या सुरांत ईश्वराचे स्मरण करीत त्यांनी देह ठेवला, असे सांगितले जाते. मिरजेतील ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकनाने कारागिराची चूल पेटत नाही. ती नियमित कामाने पेटते. ठाणे-डोंबिवलीच्या संस्थांनी वार्षिक अंदाजपत्रकात वाद्यदुरुस्तीसाठी एक लहानशी रक्कम राखून ठेवली, आणि वर्षातून एकदा मिरजेच्या कारागिराला बोलावून जवारी काढून घेतली, तर विद्यार्थ्यांचा कान तयार होईल आणि कारागिराचा मुलगा त्याच धंद्यात राहील. खाँसाहेबांच्या तसबिरीला हार घालण्यापेक्षा कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढणे, हेच त्यांचे खरे स्मरण होय.