नामदार गोपाळ कृष्ण गोखले

कायदेमंडळांत ज्याच्या बाजूस मतें थोडीं, त्यानें तेथें बसून काय साधावें, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. त्याचें उत्तर नामदार गोखले यांच्या चरित्रांत सांपडतें.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. ते शाळेंत असतांनाच पितृछत्र हरपलें. तेव्हां वडील बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावास पाठवूं लागले. या आधारावर गोपाळराव १८८४ सालीं बी. ए. झाले. पुढें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्यें व नंतर फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं अल्प वेतनावर अध्यापन केलें.

आपल्या नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरु. पुराव्यावांचून विधान करूं नये, ही शिस्त गोपाळरावांस रानड्यांजवळ मिळाली. तरी एकदां त्यांच्या हातून चूक घडली. १८९७ सालीं ते इंग्लंडांत असतां, पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तावरील सैनिकांवर त्यांनीं पत्रांच्या आधारें गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना. तेव्हां त्यांनीं उघडपणें माफी मागितली. स्वकीयांनीं त्यांस भित्रा म्हणून हिणविलें, तें त्यांनीं सोसलें.

१८९९ सालीं ते मुंबईच्या व पुढें व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत गेले. २६ मार्च १९०२ रोजीं अंदाजपत्रकावरील पहिल्याच भाषणांत त्यांनीं सरकारी आंकड्यांनींच दाखवून दिलें कीं, दुष्काळानें प्रजा गांजली असतां खजिन्यांत मात्र शिल्लक पडत आहे. मिठावरील कर कमी करावा, हा आग्रह त्यांनीं वर्षानुवर्षें धरला. मणामागें अडीच रुपये असलेला तो कर १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. जहालांस ते फार मवाळ वाटत. अधिकाऱ्यांस मात्र त्यांच्या प्रश्नांची धास्ती वाटे. १९०५ सालीं ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले व त्याच वर्षीं त्यांनीं भारत सेवक समाज स्थापिला.

१६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचें करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांस असावा, आणि ज्या पालकाची मासिक प्राप्ति १० रुपयांहून अधिक नसेल त्याच्याकडून फी घेऊं नये, अशी त्यांत योजना होती. भावाच्या ८ रुपयांवर शिकलेल्या पुरुषानेंच ही मर्यादा मांडावी, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पराभव ठरलेला आहे हें जाणूनही ते शेवटपर्यंत झगडले. १९ मार्च १९१२ रोजीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं बिल पडलें.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचें पुण्यास देहावसान झालें. तीनच वर्षांनीं, १९१८ सालीं, मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा कायद्यानें मिळाली. आणि २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

विद्यार्थी मित्रहो, त्या दिवशीं हरलेलीं तेरा मतें आपल्याच बाजूचीं होतीं. शाळेची पायरी चढतांना त्यांचें स्मरण असूं द्यावें.