सिंथिया फॅरार : नगरच्या स्त्रीशिक्षणाच्या आद्य शिल्पकार

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना पुण्याच्या भिडेवाड्यात महात्मा जोतिराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये सुरू केलेल्या मुलींच्या शाळेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. या शाळेमागील प्रेरणेचा एक धागा मात्र अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जाऊन पोहोचतो. तो धागा म्हणजे सिंथिया फॅरार या अमेरिकन शिक्षिकेचे कार्य होय.

फॅरार यांचा जन्म १७९५ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो येथे झाला. अमेरिकन मिशनने मुंबईतील मुलींच्या शाळांची देखरेख करण्यासाठी त्यांची निवड केली. अविवाहित स्त्रीला एवढ्या दूरच्या कामगिरीवर पाठविण्याची प्रथा तेव्हा रुळलेली नव्हती. तरीही वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांनी समुद्रप्रवास पत्करला आणि १८२७ च्या डिसेंबरअखेर त्या मुंबईत दाखल झाल्या. सुमारे दहा वर्षांच्या कामानंतर प्रकृती खालावल्याने त्यांना मायदेशी परतावे लागले. मात्र १८३९ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि नगर हीच त्यांची कायमची कर्मभूमी झाली.

तो काळ मुलींच्या शिक्षणाला प्रतिकूल होता. बालविवाहाची रूढी दृढ असल्याने अक्षरओळख होते न होते तोच अनेक मुलींची शाळा सुटत असे. शिकलेल्या स्त्रीविषयी समाजात नाना प्रकारचे गैरसमज होते. त्यातच शाळा मिशनच्या असल्याने धर्मांतराची शंकाही पालकांच्या मनात असे, आणि धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू असल्याने ती सर्वस्वी निराधारही नव्हती. अशा अविश्वासाच्या वातावरणात मुलींना शाळेत आणणे आणि टिकविणे हेच खरे आव्हान होते. फॅरार यांनी ते चिकाटीने पेलले.

नगर भेटीत जोतिरावांनी फॅरार यांच्या शाळा पाहिल्या आणि ते प्रभावित झाले. मुली शिकू शकतात, याचे प्रत्यक्ष उदाहरण त्यांना तेथे दिसले. सावित्रीबाईंनीही फॅरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार नमूद करतात. मिशनच्या शाळांतील शिक्षणाला धर्माची चौकट होती. फुले दांपत्याने मात्र ते समाजपरिवर्तनाचे साधन बनविले. हा फरक ध्यानात घेऊनही नगरचे ऋण नाकारता येत नाही.

जानेवारी १८६२ मध्ये नगर येथेच फॅरार यांचे निधन झाले. भारतातील त्यांची सेवा तीन दशकांहून अधिक काळाची होती. पुढे शहरात मिशनच्या मुलींच्या शिक्षणाची परंपरा चालू राहिली. क्लेरा ब्रूस यांच्या नावाने ओळखले जाणारे हायस्कूल त्याच परंपरेतील आहे. भुईकोट किल्ल्यासाठी ख्यातकीर्त असलेल्या या शहराच्या इतिहासात फॅरार यांच्या शाळांनाही मानाचे पान मिळायला हवे.