२८ पौंडांचा हिशेब

ख्रिस्ती शिकवणीत ऐहिक सुखापेक्षा आत्मिक कृपादानाला वरचे स्थान आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु ते मान्य करणे निराळे आणि दरसालच्या जमाखर्चात उतरवणे निराळे. या दोहोंतील अंतर ज्याने आयुष्यभर वहीत मांडले, असा धर्मोपदेशक म्हणजे मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली.

त्याचा जन्म १७०३ साली इंग्लंडमधील एप्वर्थ या गावी झाला. वडील तेथील धर्मगुरू. प्रपंच मोठा आणि डोक्यावर कर्ज. जॉन दोन वर्षांचा असताना त्या कर्जापायी त्यांना कारावास भोगावा लागला. दारिद्र्य वेस्लीला पुस्तकातून कळले नव्हते; म्हणूनच त्याने त्याचे गोडवे गायले नाहीत. गरीब हे आळसामुळेच गरीब असतात, हा समज त्याने १७५३ मध्ये रोजनिशीत अत्यंत कडक शब्दांत खोटा ठरवला. त्याआधी १७४६ मध्ये लंडनमध्ये त्याने गरिबांसाठी मोफत औषधांची आणि छोट्या हातउसन्या कर्जांची सोयही केली होती.

१७२६ मध्ये तो ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात फेलो झाला. पुढे एका प्रवचनात त्याने ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशेब सांगितला. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे सामान्यतः मानले जाते. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. दुसऱ्या वर्षी मिळकत ६०. खर्च मात्र २८च, दान ३२. मग ९० झाले, मग १२०. तरी खर्च तोच आणि चौथ्या वर्षीचे दान ९२ पौंड! उत्पन्न वाढले की उपभोग वाढतो, हे अर्थशास्त्रात जवळजवळ गृहीतच असते. (आपल्याकडे तर वेतन आयोगाच्या शिफारशी हाती येण्यापूर्वीच वाढीव पगाराचे हप्ते ठरून जातात.) येथे उपभोगाची रेषा आडवीच राहिली. माझ्या मते ही रेषा त्याच्या पुष्कळशा प्रवचनांहून बोलकी आहे.

१७३९ पासून तो ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडच्या खाणकामगारांपुढे उघड्यावर उपदेश करू लागला. प्रामाणिकपणे भरपूर मिळवावे, काटकसरीने राखावे आणि उरेल ते देऊन टाकावे, ही त्याची त्रिसूत्री. अनुयायांनी पहिली दोन सूत्रे मनापासून पाळली. व्यसने सुटली, हातात पैसा राहिला, पुष्कळजण सुखवस्तू झाले. तिसरे सूत्र तेवढे मागे पडले. धर्मनिष्ठेतून उद्योग आणि काटकसर, त्यांतून संपत्ती, आणि संपत्तीतून धर्मनिष्ठेचाच क्षय, ही साखळी वृद्ध वेस्लीला स्पष्ट दिसली होती. मॅक्स वेबरने विसाव्या शतकाच्या आरंभी भांडवलशाहीच्या मीमांसेत त्याचीच साक्ष काढली. वेस्लीजवळ उपाय एकच होता: द्या. तो व्यक्तीपुरता खरा होता. समुदायापुरता अपुरा पडला, हे मान्य केले पाहिजे. अखेरच्या प्रवचनांत त्याने आपल्याच श्रीमंत झालेल्या शिष्यांना यावरून बोल लावले आहेत. त्यांत उपदेशकाचा आवेश कमी आणि हताशा अधिक आहे.

स्वतः मात्र तो ढळला नाही. ग्रंथविक्रीतून पुढे मोठी प्राप्ती झाली, तीही वाटली गेली. १७७६ मध्ये करखात्याने त्याच्याकडे चांदीच्या भांड्यांचा तपशील मागितला. लंडनमध्ये दोन आणि ब्रिस्टलमध्ये दोन चमचे आहेत, आणि भोवती इतके लोक भाकरीवाचून असताना आणखी घेणार नाही, असे त्याने कळवले. २ मार्च १७९१ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. शवयात्रेस गाडी नको, थाटमाट नको, असे मृत्युपत्रात लिहिलेले होते. शव वाहून नेण्यासाठी सहा गरीब माणसे बोलवावीत आणि त्यांना सहा पौंड वाटून द्यावेत, अशीही त्यात तरतूद होती.