रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम

रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम (जन्म : डब्लिन, ३१ जुलै १८५८, मृत्यू : १५ जुलै १९३६) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व भूकंपशास्त्रज्ञ होते. पृथ्वीला गाभा असल्याचा भूकंपलहरींवर आधारलेला पुरावा त्यांनी १९०६ मध्ये मांडला. या शोधाच्या प्रसिद्धीत त्यांचे भारतातील क्षेत्रकार्य काहीसे झाकोळले गेले. प्राचीन भूकंपांचा माग काढणाऱ्यांना मात्र तेच अधिक उपयोगी पडते.

त्यांचे वडील थॉमस ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे प्रमुख होते. रिचर्ड १८७९ मध्ये त्याच विभागात रुजू झाले. वडिलांनी जमवलेली १८६९ अखेरपर्यंतच्या भारतीय भूकंपांची सूची त्यांनी संपादित करून १८८३ मध्ये प्रसिद्ध केली. सूचीचा आधार लेखी नोंदींचा होता. जिथे कोणी लिहून ठेवले नाही, तिथला भूकंप तीत येणे शक्य नव्हते.

१२ जून १८९७ च्या आसाम भूकंपानंतर ओल्डहॅम यांनी जमिनीवरच्या खुणा बारकाईने मोजल्या. गारो टेकड्यांतील चेद्रांग नदीकाठी भ्रंशाची एक बाजू कमाल सुमारे ३५ फूट उचलली गेली होती. भ्रंश प्रवाहाला पुनःपुन्हा छेदत असल्याने कुठे धबधबे, तर कुठे डोह तयार झाले होते. त्यांचा अहवाल १८९९ मध्ये निघाला. १९०३ मध्ये ते निवृत्त झाले. १८१९ च्या कच्छ भूकंपावरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा भ्रंशावर पूर्वी कधी भूकंप झाला होता, हे ठरवण्याची पद्धत पुढे विकसित झाली. भ्रंशावर आडवा चर खणतात. तुटलेले थर भूकंपापूर्वीचे व त्यांवरचे अखंड थर नंतरचे असतात. दोन्हींतील कोळशाचे कार्बन-१४ कालमापन केले की भूकंपाचा काळ दोन मर्यादांत सापडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने शिलाँग पठाराच्या परिसरात भूकंपाने गाळात घुसलेल्या वाळूच्या शिरांवरून असेच कालमापन केले. त्यातून मोठ्या भूकंपांमधील अंतर ४०० ते ६०० वर्षांचे निघाले.

मराठवाड्यात हा प्रश्न ३० सप्टेंबर १९९३ रोजी उभा राहिला. मांजरसुंबा ज्या बालाघाट रांगेत आहे, तिच्या आग्नेयेकडील किल्लारीचा परिसर तोवर स्थिर मानला जात असे. सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन यांना किल्लारीजवळच्या चरांत बेसाल्टमधील जुन्या हालचालींच्या खुणा आढळल्या. धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगरस्थळी त्यांना सुमारे १,५०० वर्षांपूर्वीच्या भूकंपाचे संकेत मिळाले.

शिलाँग पठाराच्या उत्तर कडेखालील, पृष्ठभागावर न दिसणाऱ्या भ्रंशाला २००१ मध्ये ओल्डहॅम यांचे नाव देण्यात आले.