धर्मानंद कोसंबी : एक स्वाध्यायी जीवन

गोव्यातील साखवळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण अगदीच तुटपुंजे. घरची शेती-बागाईत पाहत असता या तरुणाच्या वाचनात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र आले आणि त्याच्या आयुष्याची दिशाच पालटली. मुलांसाठी काढलेल्या मासिकातील एका लेखाचे सामर्थ्य ते केवढे!

बुद्धाचा धर्म मुळातून जाणावयाचा, या ध्यासाने १८९९ साली त्यांनी घर सोडले. निघून जाण्याचे पूर्वीचे प्रयत्न फसले होते. या वेळी मात्र मागे तरुण पत्नी व तान्ही मुलगी होती. याला त्याग म्हणावे की कठोरपणा? निवाडा सोपा नाही.

पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत तप आणि स्वाध्याय आहेत. कोसंबी बुद्धमार्गी, ईश्वरप्रणिधान त्यांच्या वाटेवर नव्हते. परंतु पुढील वर्षांना तपाखेरीज दुसरे कोणते नाव द्यावे? काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. नेपाळात निराशा पदरी आली, तरी १९०२ साली त्यांनी सिंहलद्वीप गाठले व तेथे पालीचे अध्ययन केले. ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यासही केला.

स्वाध्याय म्हणजे ग्रंथांचे अध्ययन. कोसंबींनी मात्र त्याच कसोटीवर स्वतःलाही वाचले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाचा दुबळेपणा, निराशा व घरच्यांविषयीची टोचणी झाकून ठेवलेली नाही. एवढा सचोटीचा आत्मशोध मराठीत क्वचितच आढळतो.

संतोषही तसाच. कलकत्त्यातील अधिक वेतनाची जागा सोडून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले, कारण त्यामुळे आपल्या लोकांत राहून मराठीत लिहिता येणार होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. विसुद्धिमग्ग म्हणजे विशुद्धीचा मार्ग. शौच या पहिल्या नियमाची आठवण व्हावी असेच हे नाव. मायदेशी परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावासही भोगला.

शरीर थकल्यावर त्यांनी उपोषणाने देह ठेवण्याचे ठरविले. गांधीजींनी एकदा त्यांना परावृत्त केले. परंतु अखेर सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती छापून बाहेर पडली ती त्यानंतर, १९५० साली.