रुळांचे सांधे जोडणारे शास्त्रज्ञ : हान्स गोल्डश्मिट

गणपती ही विद्येची देवता. तेव्हा स्मरणिकेत एका शास्त्रज्ञाचे चरित्र असावे, असे मंडळातील मित्रांनी सुचवले आणि मला आठवले ते हान्स गोल्डश्मिट. डिप्लोमा करून मी रेल्वेत लागलो, तेव्हापासून त्यांच्याच विद्येवर माझी भाकरी आहे.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८६१ रोजी बर्लिन येथे झाला. वडील थिओडोर यांनी तेथे १८४७ साली रसायनांचा कारखाना काढला होता. हान्स लहान असतानाच वडील वारले. पुढे हायडेलबर्गला त्यांना बन्सेन हे गुरू लाभले. शाळेतला बन्सेन बर्नर तो यांच्याच नावाचा. शिक्षणानंतर हान्स थोरले बंधू कार्ल यांच्या जोडीला घरच्या कारखान्यात आले. हा कारखाना नंतर एसेन या पोलादाच्या शहरात गेला.

रूळ जोडावेत, असे त्यांच्या मनातही नव्हते. त्यांना क्रोमियम, मँगनीज हे धातू शुद्ध हवे होते. कोळसा वापरून धातू काढला की त्यात कार्बन उतरतो. म्हणून त्यांनी कोळशाऐवजी अ‍ॅल्युमिनियमची पूड घेतली. ही युक्ती इतरांनीही करून पाहिली होती, पण सगळे मिश्रण बाहेरून तापवले की ते एकदम भडके. गोल्डश्मिट यांनी मिश्रण थंडच ठेवले आणि आरतीच्या कापराला एका कोपऱ्यावर काडी लावावी, तशी एकाच जागी ठिणगी दिली. पुढची आग आपोआप पसरली आणि आवाक्यात राहिली. १८९५ साली त्यांनी पेटंट घेतले.

याच रीतीने लोखंडाचे ऑक्साइड घेतले की मिनिटाभरात वितळलेले पोलाद तयार! हलकी मळी वर तरंगते, पोलाद खाली साच्यात उतरते. भट्टी नको, वीज नको. १८९९ साली एसेनमध्ये ट्रामचे रूळ असे जोडले गेले. आपल्या रेल्वेतले थर्मिट वेल्डिंग ते हेच.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्या देखरेखीखाली झालेला एक सांधा थंडीत तडकला. ब्लॉक संपत आला म्हणून रुळाची टोके तापवण्यात मी घाई करू दिली होती. गस्तवाल्याने पहाटे तडा पाहिला, गाडी थांबवली आणि अनर्थ टळला. आग पेटवणे सोपे, ती सांभाळणे अवघड, हे मला त्या दिवशी कळले. गोल्डश्मिट यांचे मोठेपण नेमके तेथेच होते.

मे १९२३ मध्ये बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले.

विसर्जनानंतर रिछाईहून कोणी नागपूरला, कोणी पुण्याला जाईल. वाटेत गाडीची जुनी खडखड ऐकू आली नाही, तर त्यांचे स्मरण अवश्य करावे आणि रात्री रुळांवरून चालणाऱ्या त्या गस्तवाल्याचेही.

गणपती बाप्पा मोरया!